इंदूरमध्ये परतीच्या पाखरांची फेरी कशी न्यावी

फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंत इंदूरच्या आसपास पक्ष्यांची दुहेरी ये-जा चालू असते. हिवाळा काढायला आलेली छोटी गाणारी पाखरं हिमालय, मध्य आशिया आणि सैबेरियाकडे परत निघतात. त्याच सुमारास स्वर्गीय नर्तक, हळद्या असे काही जण विणीसाठी माळव्यातल्या झाडीत येऊ लागतात. आठ-दहा जणांना घेऊन ही ये-जा दाखवायला निघालात, तर फेरी फसण्याचं कारण बहुधा एकच असतं. नेणारा पाखरांच्या मागे चालत राहतो. आठ-दहा ग्रॅम वजनाचा वटवट्या चालत्या घोळक्याला दिसत नाही, आणि दिसला तरी तिसऱ्या माणसापर्यंत दुर्बीण पोचायच्या आत पानाआड जातो. म्हणून फेरी आखताना आधी झाडं, पाणी आणि कापलेली शेतं ठरवायची. चालायचं कमी, उभं राहायचं जास्त.

कोणत्या पंधरवड्यात काय

फेब्रुवारीत आंब्याला मोहोर असतो. मोहोरावर माशा-चिलटं असतात, आणि त्यांच्यावर पर्णवटवटे आणि लाल कंठाचे माशीमार टपलेले असतात. याच महिन्यात सावर फुलू लागते. थिरथिरा जुन्या भिंतींवर आणि दगडांच्या ढिगांवर, शंकर हा निळ्या गळ्याचा पक्षी पाणकणसाच्या बुडाशी, शुभ्रकंठी वटवट्या बाभळीत आणि भारीट या दाणे टिपणाऱ्या पाखरांचे थवे गव्हा-हरभऱ्याच्या शेतांत सापडतात.

मार्च हा खरा महिना. पळस फुलतो आणि त्यावर भोरड्या उतरतात, म्हणजे गुलाबी मैना. नव्या पिसांच्या टोकांना असलेली फिकट किनार हिवाळाभर झिजत जाते आणि खालचा रंग उघडा पडतो, त्यामुळे मळकट दिसणारी भोरडी मार्चअखेर लखलखीत गुलाबी-काळी होते. नर शंकराच्या गळ्यावरचा निळा पट्टाही आता ठसठशीत होतो. भिंगऱ्या तारांवर रांगेने बसू लागतात. तलावाचं पाणी ओसरून चिखल उघडा पडतो, त्यावर पिवळा धोबी आणि पिवळ्या डोक्याचा धोबी ही सतत शेपटी हलवणारी पाखरं येतात. त्यांचा पिवळा रंग आठवड्या-आठवड्याला गडद होताना दिसतो, म्हणून शक्य असेल तर एकाच जागी पंधरा दिवसांच्या अंतराने दोन फेऱ्या ठेवा. एका फेरीत पक्षी दिसतात, दोन फेऱ्यांत स्थलांतर दिसतं.

एप्रिलमध्ये भारीट निघून गेलेले असतात. वड, पिंपळ, उंबर पिकले की भोरड्यांचे मोठे थवे त्यांवर तुटून पडतात. रोझफिंच या चिमणीएवढ्या पाखरांचे छोटे थवेही वाटेवर थांबतात. पर्णवटवटे महिनाअखेरपर्यंत असतात. दाट सावलीच्या नाल्यांत स्वर्गीय नर्तक येतो. हा मध्य प्रदेशाचा राज्यपक्षी, हिंदीत दूधराज. हळद्याची शीळ कडुनिंबात आणि आमराईत ऐकू येते. नवरंग मात्र मेअखेरीस, वळिवाच्या सुमारास येतो. त्याच्यासाठी एप्रिलच्या फेरीची जाहिरात करू नका, लोक नाराज होऊन घरी जातात.

जागा

पहिल्या फेरीला सिरपूर तलावच घ्या. धार रस्त्यावर, शहराला लागून आहे. लहान मुलं आणि आजी-आजोबा बरोबर असले तरी झेपतो, आणि पाणकणीस, चिखल, बाभळी आणि मोठी झाडं थोड्याच अंतरात मिळतात. सिरपूर आणि यशवंत सागर, दोघांनाही २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागेची आंतरराष्ट्रीय मान्यता, मिळाला. लोकांना ही माहिती द्या, पण तिथे पाच मिनिटं बोलत बसू नका. सकाळची पाच मिनिटं महाग असतात.

यशवंत सागर गंभीर नदीवरचा, हातोदच्या बाजूचा. तिथे शेतं हाच मुख्य मुद्दा आहे. कापणीला आलेला गहू, कापल्यावर उरलेलं धसकट आणि बांधावरची बोरी-बाभळी या तिघांच्या सांध्यावर भारीट, गप्पीदास आणि तीरचिमण्या असतात. उभ्या पिकात पाऊल टाकायचं नाही. बांधावरून जायचं तरी शेतात जो असेल त्याला आधी विचारायचं. "भैया, मेड पर से निकल जाएँ?" एवढं पुरतं, बहुतेक जण हो म्हणतात आणि कालचा थवा कुठे उतरला होता तेही सांगतात. सारसाची जोडी दिसली की सगळा घोळका तिकडे ओढला जातो. त्यांनी मान ताणून तुमच्याकडे पाहिलं की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि मागे फिरा.

रालामंडल हे अभयारण्य आहे, डोंगर कोरड्या पानगळीच्या झाडीचा, माथ्यावर होळकरांच्या काळातलं शिकारघर. मार्चमध्ये पळसासाठी जा. एप्रिलमध्ये झाडी उघडीबोडकी होते, तेव्हा फक्त पाण्याच्या जागा कामाच्या. पाणवठ्यापासून पंधरा-वीस मीटरवर, झाडाच्या सावलीत, अर्धा तास गप्प बसायचं. डोंगर चढत राहिलात तर घाम येईल, पक्षी नाही. वाट सोडायची नाही, तिथे बिबट्याचा वावर असतो. फाटक उघडण्याची वेळ आणि तिकीट आदल्या आठवड्यात जाऊन विचारून या. पहाटे बंद फाटकासमोर बारा माणसं घेऊन उभं राहण्यात काही मजा नाही.

ज्यांना शहराबाहेर पडता येत नाही त्यांच्यासाठी रेसिडेन्सी भागातले जुने रस्ते आहेत. चिंच, पिंपळ, कडुनिंब, शिरीष अशी मोठी झाडं, रविवारी सकाळी रहदारी कमी. पर्णवटवटे आणि माशीमार शिकायला याहून सोपी जागा नाही. चोरलची झाडी स्वर्गीय नर्तकासाठी चांगली, पण खंडवा रस्त्याने अंतर बरंच आहे. ती फेरी अनुभवी लोकांपुरती ठेवा.

आधीची पाहणी

फेरीच्या दोन-तीन दिवस आधी, त्याच वेळेला, त्याच वाटेने एकट्याने जाऊन या. ही पायरी गाळणाऱ्याची फेरी नशिबावर चालते. पाहणीत पक्ष्यांची यादी करायची नाही, जागा ठरवायच्या. कोणती सावर फुलांनी भरली आहे, कोणता पिंपळ पिकला आहे, चिखल कुठे उघडा पडला आहे, कोणत्या शेतात कापणी झाली आहे. आठवड्यात हे सगळं बदलतं. मागच्या रविवारी गजबजलेली सावर फुलं गळाली की ओस पडते.

दुसरी गोष्ट उजेडाची. सकाळी सूर्य पूर्वेला खाली असतो. घोळका पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला तर समोरचं प्रत्येक पाखरू काळी सावली दिसतं; पिवळा धोबी आणि पांढरा धोबी यांत फरक उरत नाही. म्हणून पहिले दोन थांबे असे निवडा की सूर्य पाठीशी राहील. फोनमधलं होकायंत्र त्यासाठी पुरेसं आहे.

तिसरी, मोहोळं. मोठ्या वडांवर आणि पाण्याच्या टाक्यांखाली आग्या मोहोळ असेल तर तो थांबा रद्द करा. अत्तर लावून येऊ नका, फ्लॅश वापरू नका, हे निमंत्रणातच लिहा.

चार किंवा पाच थांबे पुरे. अडीच तासांत दीड किलोमीटर, फार तर दोन. सिरपूरसाठी साधारण असा क्रम जमतो. पाणकणसाच्या कडेला सूर्योदयाच्या वेळी अर्धा तास, कारण शंकर आणि बोरूतले वटवटे उजेड वाढला की आत शिरतात. मग उघड्या चिखलावर पंचवीस मिनिटं. ऊन पानांवर पडून किडे हलू लागले की बाभळी आणि मोठी झाडं, तिथे चाळीस मिनिटं. उरलेला वेळ चालण्यात आणि अनपेक्षित गोष्टींत जातो. क्रम उलटा केला तर मोठी झाडं थंड आणि मुकी असतात, आणि तुम्ही पाणकणसापाशी पोचता तेव्हा तिथे फक्त जांभळ्या पाणकोंबड्या उरतात. त्याही छानच, पण त्यांच्यासाठी पहाटे उठायची गरज नव्हती.

वेळ, माणसं, सामान

फेब्रुवारीच्या मध्याला इंदूरचा सूर्योदय सातच्या जरा आधी, २० मार्चच्या सुमारास साडेसहाला आणि एप्रिलच्या मध्याला सहाच्या थोडं नंतर असतो. जमायची वेळ त्याआधी १५ मिनिटं. एप्रिलमध्ये साडेआठला संपवा. त्यानंतर पक्षी सावलीत गप्प बसतात आणि माणसांची चिडचिड सुरू होते. होळीच्या आणि रंगपंचमीच्या दिवशी फेरी ठेवू नका. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद, आणि आदल्या रात्रीपासून लोकांचं लक्ष भलतीकडे असतं.

एका नेणाऱ्यामागे जास्तीत जास्त बारा माणसं. याहून जास्त नावं आली तर दोन गट करा, दुसरा गट उलट दिशेने न्या. प्रत्येक गटाला मागे चालणारा एक जण हवा. मागच्यांना काय दिसलं ते पुढे कळवणं, रेंगाळणाऱ्यांना सांभाळणं आणि पुढे निघून गेलेल्या मुलांना परत आणणं ही त्याची कामं. तो पक्षीतज्ज्ञ नसला तरी चालतो, शांत स्वभावाचा असला पाहिजे.

कपडे मातकट, हिरवट, करडे. पांढरा सदरा लांबून हलताना दिसतो. बंद बूट, कारण मार्चमध्ये कुसळं आणि गोखरू दोन्ही तयार असतात. माणशी एक लिटर पाणी, टोपी, वही, पेन्सिल. खाऊच्या कुरकुरीत पुड्या नकोत, त्यांच्या आवाजापुढे माशीमाराची ट्र्र्र ऐकू येत नाही. पोहे-जिलबी नंतर आहेच.

दुर्बीण

८×४२ ची दुर्बीण या कामाला सगळ्यांत सोयीची. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. १०×५० ने मोठं दिसतं, पण वजनाने हात थरथरतो, दृश्य अरुंद होतं आणि पानांत उड्या मारणारा वटवट्या सापडतच नाही. शक्यतो जवळ, दोन-तीन मीटरवरही स्पष्ट दाखवणारी घ्या. दोन माणसांत एक दुर्बीण चालते. तीन माणसांत एक असेल तर तिसरा कंटाळतो.

निघण्याआधी दहा मिनिटं सगळ्यांच्या दुर्बिणी लावून घ्या. नव्या माणसाला "मला काहीच दिसत नाही" असं होतं ते नव्वद टक्के इथेच. चष्मा असेल तर डोळ्यांवरचे रबरी कप आत दाबायचे, नसेल तर बाहेर काढायचे. दोन्ही नळ्या जवळ-दूर करून एकच गोल दिसेल असं करायचं. मग उजवा डोळा मिटून, मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला दूरची एखादी पाटी स्पष्ट करायची. आता डावा मिटून, मधलं चाक न हलवता, उजव्या नळीवरच्या कड्याने तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. कड्यावरचा आकडा लक्षात ठेवायचा. पुढे फक्त मधलं चाक फिरवायचं. दुर्बीण दुसऱ्याच्या हातात गेली की त्याच्यासाठी कडं पुन्हा लावावं लागतं, हे बहुतेक जण विसरतात.

पाखरू शोधताना नजर पाखरावरून हलवायची नाही, दुर्बीण नजरेच्या समोर आणायची. आधी दुर्बीण डोळ्याला लावून मग झाड धुंडाळणाऱ्याला फक्त पानं दिसतात. पट्टा गळ्यात असला पाहिजे, हातात नाही.

थांब्यावर

पोचल्यावर पहिली तीन मिनिटं कोणी बोलायचं नाही. घोळका आल्यावर दबलेली पाखरं याच तीन मिनिटांत पुन्हा हलू लागतात. तुम्ही मधोमध उभे राहा, टोकाला नाही, म्हणजे हलका आवाजही दोन्हीकडे पोचेल. बोट ताणून दाखवू नका. अचानक वर गेलेला हात पाखराला उडवतो आणि बोट नेमकं कुठे आहे ते शेजाऱ्याला कळतही नाही. झाडावर घड्याळ कल्पा, शेंड्याला बारा. "डावी सावर, तीन वाजता, वाळक्या फांदीच्या टोकापासून हातभर आत." आधी झाड, मग तास, मग खूण. हा क्रम सोडला की सगळे वेगवेगळ्या झाडांकडे बघत राहतात.

एका थांब्यावर नावं तीन-चारच सांगा. पंचवीस नावं ऐकलेल्या माणसाला घरी गेल्यावर मोर आणि कोकीळ आठवतात. त्याऐवजी एक पाखरू पूर्ण दाखवा: काय खातंय, किती उंचीवर आहे, शेपटी कशी हलते, किती वेळाने जागा बदलतं. आणि हे झाड का, हे सांगा. लोक पुढच्या वेळी एकटे गेले तर त्यांना झाडच आधी सापडणार आहे. गटात हिंदी बोलणारे असतात, तेव्हा हळद्याबरोबर पीलक आणि भोरडीबरोबर गुलाबी मैना असंही म्हणा.

फोनवर आवाज वाजवून पाखरू बाहेर काढायची युक्ती करू नका, कोणी काढला तर हसून पण स्पष्टपणे बंद करायला लावा. परतीच्या प्रवासाआधी ही पाखरं अंगावर चरबी साठवत असतात, त्यावरच पुढची शेकडो किलोमीटर उडायची असतात. छोटी कीटकभक्षी बहुतेक रात्री उडतात, दिवस खाण्यात आणि विश्रांतीत घालवतात. खोट्या प्रतिस्पर्ध्याच्या मागे धावण्यात गेलेली सकाळ म्हणजे थेट वजनातली घट. विणीला आलेल्या नर्तकाच्या बाबतीत तर घरटंच धोक्यात येतं. घरटं दिसलं तर थांबू नका, फोटो काढू नका, जागा कोणाला पाठवू नका. माणसं जमलेली बघून कावळेही तिकडे येतात. हळद्या पुष्कळदा कोतवाल या काळ्या, भांडखोर पक्ष्याच्याच झाडावर घरटं करतो, म्हणून कोतवाल अंगावर येऊ लागला की पुढे निघा.

घोळ घालणारी पाखरं

पर्णवटवटे सगळे हिरवट आणि सगळे चंचल. भुवईची फिकट रेघ ठसठशीत, पंखावर एकच बारीक पट्टी आणि "चि-स्ली" असा दोन अक्षरी आवाज असेल तर हिरवट पर्णवटवट्या. उरलेले "पर्णवटवट्या" एवढंच लिहा. बोरूतला ब्लिथचा वटवट्या मात्र साधा तपकिरी, झुडपात खाली, "चक, चक" करणारा. नाव बोरूचं असलं तरी हिवाळ्यात तो बागेतल्या झुडपांतही असतो. एप्रिलमध्ये निघण्याआधी तो हळू आवाजात गाऊ लागतो, इतरांच्या नकला मिसळून. ते ऐकायला मिळालं तर बाकीची यादी विसरली तरी चालेल.

लाल कंठाच्या माशीमाराची मादी आणि कोवळा नर यांना लाल कंठ नसतोच. शेपटी बघा: काळी, बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरी, वारंवार वर उचललेली. याचा तैगा नावाचा भाऊही येतो. पूर्ण रंगातल्या नरात केशरी रंग छातीपर्यंत उतरला असेल तर लाल कंठाचा. गळ्यापुरता असून भोवती राखाडी किनार असेल तर तैगा. मादीत शेपटीच्या मुळाला वरून झाकणारी पिसं शेपटीहून काळी दिसली तर तैगा, पण झाडाखालून ती पिसं दिसत नाहीत, त्यामुळे हट्ट नको.

करडा धोबी आणि पिवळा धोबी यांचा गोंधळ दर फेरीत होतो, कारण करड्याचं पोटही पिवळंच असतं. करड्याची शेपटी फार लांब आणि पाय गुलाबीसर; पिवळ्याची शेपटी आखूड आणि पाय काळे. काळा-पांढरा, गळाही काळा, भुवई पांढरी असलेला मोठा धोबी हा इथला बारमाही रहिवासी आहे, त्याला स्थलांतरितांच्या यादीत घालू नका.

काळ्या डोक्याच्या आणि लाल डोक्याच्या भारीटांचे नर सोपे, माद्या जवळजवळ सारख्या. थव्यात नर दोन्ही जातींचे असतील तर माद्या "भारीट" म्हणूनच मोजा. पहिले आपल्याकडे पश्चिमेकडून, इराण-तुर्कस्तानच्या बाजूने येतात. दुसरे मध्य आशियातून.

नोंद

वहीत तारीख, सुरुवातीची वेळ, किती मिनिटं, किती अंतर, किती माणसं हे आधी लिहा. जात आणि संख्या यांच्याबरोबर एक रकाना झाडाचा किंवा जागेचा ठेवा: सावर फुलात, पिकला पिंपळ, ओला चिखल, गव्हाचं धसकट. तीन वर्षांनी कामाला येतो तो हाच रकाना. भोरड्यांचा थवा एक-एक मोजता येत नाही. थव्यातल्या पन्नास मोजून तेवढ्या तुकड्याचा आकार नजरेत धरायचा आणि असे किती तुकडे आहेत ते मोजायचं. थवा बसलेला असताना मोजा, उडाल्यावर आकडा हमखास फुगतो.

ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी टाकायची असेल तर गटातल्या एकानेच टाकून बाकीच्यांना वाटावी, नाहीतर तेच शंभर पक्षी बारा वेळा जमा होतात. चिमणी, साळुंकी, कावळे गाळू नका. "दिसलेले सगळे पक्षी" असं नोंदवायचं तर सगळेच हवेत. मर्लिन या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने आवाजावरून सुचवलेलं नाव ही फक्त सूचना समजा; पाखरू डोळ्यांनी दिसल्याशिवाय किंवा आवाज तुम्हाला स्वतःला ओळखता आल्याशिवाय ते यादीत चढवू नका. यादी त्याच दुपारी टाका. संध्याकाळपर्यंत दोन धोब्यांचे चार होतात.